जे आपल्या हाती आहे : स्टोइक विचार आणि आपण

आमच्या विद्यालयाच्या भोजनगृहाबाहेर एक फळा आहे. दर सोमवारी त्यावर एक विचार लिहिण्याची प्रथा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही त्यावर एपिक्टेटस या तत्त्वज्ञाच्या शिकवणुकीचे सार म्हणून एक वाक्य लिहिले होते : ‘आपल्या हाती आहे ते करावे, हाती नाही ते सोडून द्यावे.’ मुलांना ते एवढे भावले की पुढे कित्येक आठवडे तो फळा कोणी पुसलाच नाही. घरची आठवण येऊन रडणाऱ्या नव्या मुलाला मोठी मुले तेच वाक्य ऐकवीत. परीक्षेच्या दिवसांत तर ते वसतिगृहाचे घोषवाक्यच झाले होते.

गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. बोईसर परिसरातील एका कारखान्यात तो कंत्राटी कामावर होता. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची कातडी रसायनाने सोलवटून निघाली होती. हातमोजे का घातले नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “सर, ठेकेदार देत नाही.” मग मागितलेस का नाही, या प्रश्नावर तो शांतपणे उत्तरला, “तुम्हीच शिकवलं होतं ना सर, जे आपल्या हाती नाही ते सोडून द्यायचं. म्हणून सोडून दिलं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो आमचीच शिकवण प्रामाणिकपणे पाळीत होता, आणि म्हणूनच आम्ही निरुत्तर झालो. चूक त्याची नव्हती. सुमारे तेवीसशे वर्षांच्या अवधीत घासून-तपासून तयार झालेला एक विचार आम्ही एका ओळीत बसवला होता, आणि बसवताना त्याचा अर्धा भाग कापून टाकला होता. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची दुरुस्ती आहे. स्टोइक तत्त्वज्ञान नेमके काय सांगते, त्याचे आपल्या परंपरेशी कोठे जुळते, कोठे जुळत नाही आणि आपल्या मुलांनी त्यातून काय घ्यावे, एवढेच येथे मांडण्याचा मानस आहे.

या विचाराचा आद्य आचार्य झेनो हा सायप्रस बेटावरील किटिअम गावचा व्यापारी. जहाज फुटून माल बुडाला आणि त्यामुळे तो अथेन्सला येऊन तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. इ. स. पू. ३०० च्या सुमारास तो तेथील बाजारपेठेलगतच्या चित्रांनी सजविलेल्या एका ओसरीत शिकवू लागला. ग्रीक भाषेत ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून या मंडळींना स्टोइक, म्हणजे आपल्या भाषेत ‘ओसरीवाले’, हे नाव पडले. ओसरी कोणालाही खुली होती. झेनोनंतर त्याची गादी चालविणारा क्लिअँथीस हा रात्री बागांना पाणी भरून मजुरी मिळवी व दिवसा अध्ययन करी, असे प्राचीन चरित्रकार सांगतात. दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर गेले असता मागे राहून अभ्यास करणाऱ्या आमच्या मुलांना हा पाणी भरणारा तत्त्वज्ञ परका वाटू नये.

ही ओसरी आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यात, नालासोपाऱ्यास, सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडे सापडले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे हाती आला. याच अशोकाच्या तेराव्या लेखात, जो इतर ठिकाणी उपलब्ध आहे, धम्माचा संदेश जेथवर पोहोचला त्या पश्चिमेकडील पाच राजांची नावे आहेत. त्यांपैकी ‘अंतेकिन’ म्हणजे मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटस, असे अभ्यासक मानतात. हा अँटिगोनस झेनोचा चाहता होता. त्याने झेनोला आपल्या दरबारी येण्याचे निमंत्रण दिले होते. झेनोने वृद्धत्वामुळे स्वतः न जाता आपला शिष्य पर्सिअस यास पाठविले. ज्या राजाचे नाव अशोकाने दगडावर कोरविले, त्याच्या पदरी ओसरीवाल्यांचा शिष्य होता. ग्रीक विचार बौद्धांनी घेतला किंवा बौद्ध विचार ग्रीकांनी घेतला, असा निष्कर्ष आम्ही यावरून काढीत नाही. मात्र एकाच काळात, एकमेकांची नावे ठाऊक असलेल्या दोन जगांत, माणसाने आपले मन कसे सांभाळावे या एकाच प्रश्नाचा शोध चालला होता, एवढे निश्चित.

आता या विचाराच्या गाभ्याकडे वळू. स्टोइकांच्या मते सद्गुण हेच एकमेव खरे श्रेय होय व दुर्गुण हेच एकमेव खरे अनिष्ट. आरोग्य, धन, मान, सौंदर्य यांना ते तुच्छ लेखीत नाहीत. ती मिळाली तर माणसाने जरूर घ्यावीत. पण ती असल्याने माणूस चांगला ठरत नाही आणि नसल्याने वाईट ठरत नाही. श्रीमंताचे वागणे हीन असू शकते आणि उपाशी माणसाचे वागणे उदात्त असू शकते, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे.

सद्गुण चार : प्रज्ञा, न्याय, धैर्य आणि संयम. प्रज्ञा म्हणजे काय करावे, काय टाळावे व काय केवळ दुय्यम आहे, हे ओळखण्याची जाण. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे व माणसाशी माणूस म्हणून वागणे. धैर्य म्हणजे भीती असतानाही योग्य ते सोडून न देणे. संयम म्हणजे हव्यासाला लगाम. स्टोइकांचा आग्रह असा की हे चारही एकत्रच नांदतात. त्यांतील एक तोडून वेगळा काढता येत नाही. न्यायावाचून धैर्य हे दरोडेखोराचेही असते, आणि न्यायावाचून संयम हा केवळ भित्रेपणा ठरू शकतो. आमच्या फळ्यावर संयम होता, न्याय नव्हता. चूक येथेच झाली.

‘हाती असलेले’ आणि ‘हाती नसलेले’ हा भेद विशेषकरून एपिक्टेटसने शिकविला. तो जन्माने गुलाम होता, एका पायाने अधू होता. पुढे मुक्त झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला. परंतु सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले तेव्हा त्याला ग्रीसमधील निकोपोलिस येथे जावे लागले. त्याने स्वतः काही लिहिले नाही. त्याची शिकवण आपल्यापर्यंत पोहोचविली ती एरियन या शिष्याने; भारताविषयी ‘इंडिका’ लिहिणारा एरियन तो हाच. एपिक्टेटसच्या मते आपले मत बनविणे, इच्छा करणे, नाकारणे आणि कृतीला प्रवृत्त होणे हे आपल्या हाती आहे. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि अधिकारपद हे पूर्णतः आपल्या हाती नाही. येथे वाचकांनी थोडे थांबावे. ‘कृतीला प्रवृत्त होणे’ हे त्याने हाती असलेल्या गोष्टींत घातले आहे. म्हणजे प्रयत्न आपला आहे. केवळ फळाची खात्री आपली नाही.

हे समजाविण्यासाठी स्टोइक धनुर्धराचा दृष्टांत देत. आमच्या भागातील तीरकमठा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सहज उमगेल. नेम धरणे, दोरी ताणणे, श्वास आवरणे हे सारे नेमबाजाच्या हाती असते. तीर सुटल्यावर वारा आला किंवा सावज हलले, तर ते त्याच्या हाती नसते. म्हणून उत्तम नेमबाज तो, ज्याने नेम धरण्यात कसूर केली नाही. परंतु वारा आपल्या हाती नाही म्हणून तीरकमठा खाली ठेवून बसणारा माणूस मुळी नेमबाजच नव्हे! आमच्या त्या विद्यार्थ्याने तीर सोडलाच नव्हता, आणि सोडू नये असे जणू आम्हीच त्याला सांगितले होते.

विकारांविषयीही असाच गैरसमज आहे. स्टोइक म्हणजे भावनाशून्य, दगडासारखा माणूस, असे सर्रास मानले जाते. वास्तविक त्यांचे म्हणणे असे की क्रोध, भय, हाव हे विकार चुकीच्या निर्णयातून उद्भवतात. कोणी शिवी दिली. शिवी हा केवळ आवाज. ‘माझे नुकसान झाले’ हा शिक्का आपण मारतो आणि मग जळतो. तो निर्णय तपासला की विकार ओसरतो. सावधपणा, सदिच्छा आणि निर्मळ आनंद या भावना मात्र ज्ञानी माणसालाही असतातच. सम्राट मार्कस ऑरेलियस इ. स. १६१ ते १८० या काळात रोमवर राज्य करीत होता. साथीचा रोग आणि डॅन्यूब नदीकाठची युद्धे यांत त्याची वर्षे गेली. अशा धामधुमीत तो स्वतःपुरती टिपणे लिहून रोज आपले मन तपासीत असे. सेनेका रात्री निजण्यापूर्वी दिवसभरातील आपल्या वागण्याचा हिशेब घेई. गुलाम आणि सम्राट एकाच ओसरीचे वारस ठरले, ही या विचाराची थोरवी होय.

आता आपल्या घरच्या एका कथेकडे येऊ. सोपारा हे प्राचीन काळचे मोठे बंदर, बौद्ध साहित्यातील ‘सुप्पारक’ किंवा ‘शूर्पारक’. तेथील पूर्ण या व्यापाऱ्याची कथा ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात आहे. तो एका सधन गृहस्थाला दासीपासून झालेला मुलगा. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा त्याची गणना वारसांत न होता मालमत्तेत झाली! पुढे त्याने समुद्रावर व्यापार करून नाव कमावले, आणि सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांकडून बुद्धवचने ऐकून तो भगवान बुद्धांकडे गेला. जहाजावरून ज्ञानाकडे वळलेला झेनो आणि गुलामीत जन्मलेला एपिक्टेटस, या दोघांच्या खुणा सोपाऱ्याच्या या एकाच पुत्राच्या कथेत आढळाव्यात, हे नवलच.

पाली मज्झिम निकायातील ‘पुण्णोवाद सुत्ता’त भगवान आणि पुण्ण यांचा संवाद आहे. पुण्ण सुनापरांत या प्रदेशात जाऊ इच्छितो. परंपरा त्या प्रदेशाचा संबंध सोपाऱ्याशी जोडते. भगवान विचारतात, तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर तुला काय वाटेल? पुण्ण म्हणतो, हात उगारला नाही म्हणजे भलेच आहेत, असे वाटेल. हाताने मारले तर? ढेकळे मारली नाहीत म्हणून भलेच. असे करीत प्रश्न काठी, शस्त्र आणि अखेर प्राण घेण्यापर्यंत जातात. पुण्णाची शांती ढळत नाही. भगवान त्याला जाण्याची अनुज्ञा देतात.

या कथेचा अर्थ ‘मार खा आणि गप्प बस’ असा लावणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो अर्थ मान्य नाही. पुण्णाला मार टाळावयाचाच असता तर घरी राहणे सोपे होते. तो गेला, कारण त्याला तेथे काम करावयाचे होते. आणि सुत्त सांगते की त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका घडविल्या. त्याची सहनशीलता कामासाठी होती. काम टाळण्यासाठी जी सहनशीलता वापरली जाते, तिला क्षांती हे नाव देऊ नये.

साम्य एवढे असले तरी दोन्ही विचार एकच आहेत असे म्हणणे योग्य होणार नाही. विश्व एका विवेकी तत्त्वाने चालविले आहे व जे घडते ते त्या योजनेचा भाग आहे, अशी स्टोइकांची श्रद्धा होती. बुद्ध अशा योजनेचा आधार घेत नाहीत. ते अनित्यता आणि प्रतीत्यसमुत्पाद सांगतात. कारण असेल तर कार्य होते, आणि कारण दूर केले तर कार्यही थांबते. दुसरा भेद करुणेचा. सेनेका दुःखितास मदत करावी असे सांगतो, पण अनुकंपेने मन विरघळणे हा मनाचा दुबळेपणा मानतो. आपल्याकडे करुणा हा दुबळेपणा नसून धम्माचा कणा आहे.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. सर्व माणसे एकाच विश्वनगरीचे नागरिक आहेत, असे स्टोइक म्हणत. गुलामही माणूसच आहे, त्याला माणसासारखे वागवा, असे सेनेकाने कळकळीने लिहिले. तरीही गुलामगिरी मोडण्याची चळवळ या ओसरीतून निघाली नाही. मार्कस ऑरेलियस स्वतः सम्राट होता, तथापि बाजारात माणसे विकली जातच राहिली. अन्याय ‘हाती नसलेल्या’ गोष्टींच्या यादीत ढकलला गेला की थोर मनेही कशी स्वस्थ बसतात, याचे हे उदाहरण. म्हणून आमचा मुख्य मुद्दा असा की हाती काय आहे आणि काय नाही, ही रेघ कोण ओढतो, हे पाहिल्यावाचून या तत्त्वज्ञानाचा स्वीकार करू नये. आपल्या समाजात ती रेघ शतकानुशतके दुसऱ्यांनीच ओढली होती. पाणी तुमच्या हाती नाही, विद्या तुमच्या हाती नाही, ते तुमच्या मागील जन्माचे फळ आहे, असे सांगणारे आपणहून कधी थांबले नाहीत.

ती रेघ पुसण्याचे काम महाडला झाले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता व महाडच्या नगरपालिकेनेही तो पुढील वर्षी स्वीकारला होता. हक्क कागदावर होता. पाणी मात्र ओंजळीत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, अनेक जण जखमी झाले. जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेली धट्टीकट्टी माणसे होती, प्रतिकारासाठी त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. क्रोधावर असा ताबा स्टोइकांनीही वाखाणला असता. पण बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. डिसेंबरात ते पुन्हा महाडला गेले, आणि न्यायालयात लढत राहिले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! संयम होता, धैर्य होते, प्रज्ञा होती, आणि हे सर्व न्यायासाठी राबत होते. चारही सद्गुण एकत्र कसे नांदतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्ही मुलांना देऊ शकत नाही.

आणि आमच्या जिल्ह्याचे काय? २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी वारली बांधव एकत्र जमले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या घरी राबणारा ‘लग्नगडी’ आणि फुकट घेतली जाणारी वेठ, हे त्यांचे प्राक्तन मानले जात असे. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारली. एकट्याच्या हाती जे नव्हते, ते सर्वांच्या हाती आले. त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. आमच्या ग्रंथालयात ते आहे, आणि मोठ्या मुलांनी ते वाचावेच.

मग स्टोइक विचार मुलांना शिकवू नये काय? शिकवावा, अवश्य शिकवावा. जूनच्या पावसात मस्तान नाक्यावरून एसटीने परत जाणाऱ्या वडिलांकडे पाहत उभ्या राहिलेल्या मुलाला त्याची गरज आहे. आपल्या बोलीला कोणी हसले म्हणून वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीला त्याची गरज आहे. हसणारा आपल्या हाती नाही, बोलणे आपल्या हाती आहे, हे तिला उमगले तर ती बोलेल. कमी गुण मिळाले म्हणून जीव नकोसा झालेल्या मुलाला गुण आणि माणूस यांतील भेद कळणे, हा तर त्याच्या जिवाचाच प्रश्न आहे. आमच्याकडे रात्रीच्या वंदनेनंतर मुले पाच मिनिटे शांत बसून स्वतःला तीन प्रश्न विचारतात : आज कोठे चुकलो, काय बरे केले, काय करावयाचे राहिले? सेनेकाचा हा परिपाठ आम्ही आनंदाने उचलला आहे. फक्त त्यात आता एक चौथा प्रश्न घातला आहे : आज कोणावर अन्याय होताना मी गप्प राहिलो काय?

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याबरोबर आम्ही त्या दिवशी बराच वेळ बसलो. पुढे त्याने आणखी सहा कामगारांना सोबत घेऊन लेखी अर्ज केला. एकदा दाद लागली नाही, तेव्हा पुन्हा केला. हातमोजे आले. त्याचे स्वतःचे काम मात्र पुढच्या महिन्यात गेले, आणि आज तो दुसरीकडे, थोड्या कमी पगारावर आहे. आम्ही विषण्ण झालो, पण तो म्हणाला, “सर, मोजे घालून काम करतायत ना ते सहाजण! नेम बरोबर धरला होता, एवढं मला कळतं.”

भोजनगृहाबाहेरच्या फळ्यावरील वाक्य आम्ही बदलले आहे. पूर्वीइतके ते सुटसुटीत नाही आणि मुलांना पाठ व्हायला वेळ लागतो. ‘आपल्या हाती आहे ते नीट करावे. फळाची चिंता मनाला पोखरू देऊ नये. आणि आपल्या हाती काय आहे, हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानू नये, स्वतः तपासून पाहावे.’ या स्मरणिकेचे वाचक विद्यालयास भेट देतील तेव्हा त्यांनी तो फळा अवश्य वाचावा, आणि त्यात काही कमी-अधिक वाटल्यास आम्हांस निःसंकोच सांगावे. एकदा चुकलेल्यांनी पुन्हा चुकणे शक्य आहे. ते दाखवून देणे आपल्या हाती आहे.